२० हजारात इलेक्ट्रिक गिटार : नवी घेऊ, की मित्राकडची जुनी घेऊन अपग्रेड करू?

कोथरूडचा_कोरस
मंडळी, थोडं मार्गदर्शन हवंय. कॉलेजपासून अकूस्टिक वाजवतोय, बार कॉर्ड, थोडंफार फिंगरपिकिंग जमतं, आता इलेक्ट्रिक घ्यायचीये. बजेट एकूण २० हजार आणि त्यात गिटार, अँप (अँप्लिफायर), केबल, जे काय लागेल ते सगळं आलं. घरात आजी आहे आणि खालच्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी राहतात, त्यामुळे वाजवणं बहुतेक हेडफोनवरच होणार.

दोन रस्ते दिसतायत. एक म्हणजे सरळ नवीन घ्यायची. यामाहा पॅसिफिका ०१२, स्क्वायर सॉनिक स्ट्रॅट, आयबनेझ जिओमधली जीआरएक्स ४०, कॉर्ट जी ११०, ही नावं दुकानात ऐकून आलोय. दुसरा रस्ता असा की मित्राच्या दादाची एक बिनब्रँडची स्ट्रॅटसारखी (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरसारखी) दिसणारी गिटार माळ्यावर पडून आहे, तो ४ हजारात देतो म्हणतोय, ती घ्यायची आणि उरलेल्या पैशात पिकअप (तारांचा कंप पकडणारे चुंबक), ट्यूनर (खुंट्या), ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) सगळं भारीतलं टाकायचं. यूट्यूबवर लोक असल्या गिटारी पार बदलून टाकतात आणि वर म्हणतात की महागड्या गिटारीच्या तोंडात मारेल, ते बघून हात शिवशिवतायत. ब्लूज आवडतं, नव्वदच्या दशकातलं रॉक आवडतं, आणि जुन्या हिंदी गाण्यांमधले गिटारचे तुकडे वाजवायचेत. कुठला रस्ता धरू?

सहावी_तार
आधी यूट्यूब बंद कर. त्या व्हिडिओत ज्याच्या हातात गिटार असते त्याच्याकडे फ्रेट (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) लेव्हल करायची सगळी हत्यारं असतात आणि तो दिवसभर तेच करत असतो, शिवाय अँप लाखभराचा असतो, मग वाजणारच ना गोड.

गिटारमध्ये काय बदलता येतं आणि काय नाही हे एकदा कळलं की निम्मा गोंधळ संपतो. पिकअप, पॉट (आवाज-टोनच्या कळांखालचे भाग), जॅक (केबल खुपसायची जागा), ट्यूनर, नट (खुंट्यांकडचा खाचांचा टेकू), ब्रिज हे सगळं स्क्रू आणि सोल्डरचं काम आहे, आज नाही तर दोन वर्षांनी करशील. पण नेक (दांडा) वाकडीतिकडी असेल, ट्रस रॉड (नेकचा बाक कमीजास्त करणारी आतली सळई) फिरत नसेल, फ्रेट वरखाली असतील तर तिथे पैसे ओतण्यात अर्थ नाही कारण दुरुस्तीचा खर्च गिटारच्या किमतीपेक्षा जास्त होतो. म्हणून मित्राची गिटार घ्यायची का नाही हे तिचा आवाज ऐकून ठरवू नकोस, नेक बघून ठरव.

बघायचं कसं ते सांगतो. हेडस्टॉककडून (खुंट्यांच्या टोकाकडून) एक डोळा मिटून नेकच्या दोन्ही कडांवरून नजर टाक, दोन्ही कडा एकसारख्या दिसल्या पाहिजेत, एक वर एक खाली दिसली तर पीळ आहे, सरळ परत दे. मग जाड ई तार पहिल्या फ्रेटवर दाब (कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, असेल तर तो लाव) आणि दुसऱ्या हाताने तीच तार नेक जिथे बॉडीला मिळते तिथे दाब. आता ती तार म्हणजे फूटपट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात बारीकशी फट दिसली पाहिजे, पाव मिलिमीटरच्या आसपास, साधं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. फट खूप असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने पाव आटा फिरवून बघता येतो, पाव म्हणजे पावच. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजव, कुठे सूर मेला किंवा खरखरला तर लिहून ठेव. शेवटी बारीक ई आणि बी तारेवर बाराव्याच्या पुढे पूर्ण स्वराचं बेंडिंग (तार आडवी ओढून सूर चढवणं) कर. बेंड करताना सूर गप झाला तर पुढचा कुठला तरी फ्रेट उंच आहे.

आता नवीनचं बोलू. तू सांगितलेल्या सगळ्या चालतील, खरंच. माझं मत पॅसिफिकाकडे झुकतं कारण ब्रिजपाशी हंबकर (दोन कॉइलचा, भरीव आवाजाचा पिकअप) आणि बाकी दोन सिंगल कॉइल (एका कॉइलचे), म्हणजे तुझं रॉकही झालं आणि हिंदी गाण्यातला तो स्वच्छ टणटणीत आवाजही झाला. ११२ व्ही मिळाली तर अजून छान, तिच्यात टोनची कळ वर ओढली की हंबकरची एकच कॉइल चालू राहते, ०१२ मध्ये ती सोय नाही. ११२ नवीन तुझ्या बजेटच्या बाहेर जाईल, वापरलेली शोध. आणि काहीही घेतलंस तरी दीड-दोन हजार सेटअपसाठी (नेक, तारांची उंची, सूर नीट लावून घेण्यासाठी) बाजूला काढून ठेव. कारखान्यातून आलेली स्वस्त गिटार ही अर्धी शिजलेली असते, तिला चांगल्या माणसाच्या हातून एकदा नीट करून घेतली की वाजवणाऱ्यालाच कळत नाही की हीच ती.

बेंजोवाला
वरच्या सगळ्याला +१. मी गिटारवाला नाही, आमची बेंजो पार्टी आहे लालबागला, गणपतीत आणि लग्नाच्या वरातीत वाजवतो, पण पिकअप, पॉट, जॅक हे सगळं आमच्यातही तेच असतं आणि दर सीझनला काहीतरी तुटतंच त्यामुळे सोल्डर मारून मारून हात बसलाय.

स्वस्त गिटारमध्ये सगळ्यात आधी मरतो तो जॅक आणि पॉट. खरखर येत असेल तर पिकअप खराब आहेत असं समजू नको, पॉटमध्ये काँटॅक्ट क्लीनरचा फवारा मार आणि कळ वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे फिरव, नव्वद टक्के वेळा तिथेच काम होतं. दारं कुरकुरतात म्हणून जे तेल मारतो ते मारायचं नाही हां. बदलायचेच असतील तर सिंगल कॉइलला २५० के (किलोओहम) आणि हंबकरला ५०० के. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तुमच्या तपकीर गल्लीत मिळतं सगळं, पण जाताना जुना पॉट खिशात घेऊन जा, कारण आशियाई गिटारीतले लहान पॉट साधारण ८ मिलिमीटरच्या भोकात बसतात आणि अमेरिकन मापाच्या पॉटला साडेनऊ लागतं, शिवाय दांड्यावरचे दाते वेगळे असल्यामुळे नॉब पण बसत नाहीत, मग ड्रिल आण, नॉब आण, हे वाढतच जातं.

दुसरं म्हणजे हम. सिंगल कॉइल गुणगुणणारच, आपल्याकडे लाइट ५० हर्ट्झची आहे आणि कॉइल ती पकडते. आतल्या खाचेत तांब्याची टेप लावून ती ग्राउंडला जोडली की फॅनचा रेग्युलेटर, डिमर, ट्यूबलाइट यांची चिरचिर बरीच कमी होते, पण ट्रान्सफॉर्मरजवळ बसलास तर जो घोंघों आवाज येतो तो टेपने जाणार नाही, तो चुंबकीय असतो, त्याला उपाय म्हणजे खुर्ची फिरवून बस. टेप लावलीस तर सगळे तुकडे एकमेकांना जोडले गेलेत का ते मल्टिमीटरने बघ, आणि जॅकचा गरम पाय (सिग्नलची वायर जोडलेला) टेपला टेकत नाही ना तेही बघ, टेकला की गिटार मुकी.

आणि तारांना हात लावल्यावर हम कमी होत असेल तर घाबरू नको, ते बरोबर आहे. पण तारांना हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर लगेच सोड. जुन्या इमारतीत तीन पिनांचा सॉकेट असतो पण मागे अर्थिंगची वायरच नसते. मांडवात माइकला ओठ लागला आणि झटका बसला असे प्रकार मी डोळ्यांनी बघितलेत, आता आम्ही आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) लावल्याशिवाय अँप चालूच करत नाही.

म्हापशाची_मैना
सगळे पिकअपला एवढं खाली का ढकलताय ते कळत नाही बाई. फरक पडतो हो! स्वस्त गिटारीत बहुतेक वेळा लोखंडी खिळे आणि खाली चिकटवलेला सिरॅमिक मॅग्नेट असतो, त्याचा आवाज वाईटच असतो असं नाही, पण क्लीन वाजवताना तारेवर हलका हात आणि जोराचा हात यातला फरक जितका अल्निको मॅग्नेटच्या चांगल्या पिकअपमध्ये ऐकू येतो तितका येत नाही. आणि तुला ब्लूज वाजवायचंय म्हणजे नेमकं तेच हवंय ना.

क्वीन बँडचा गिटारवाला ब्रायन मे, त्याचंच बघ. त्याने आणि वडिलांनी १९६३ मध्ये घरी गिटार बनवायला घेतली, नेकला जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड, ट्रेमोलोला (दांडी हलवून सूर डोलवायची सोय) मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, म्हणजे घरातलं भंगार काही सोडलं नाही. पण पिकअप? आधी घरीच बनवले, ते पसंत पडेनात, शेवटी बर्न्स कंपनीचे विकत आणून बसवले. (आणि त्याच्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी शाळेला आपल्या पाचगणीला होता, एवढं तरी लक्षात ठेवा, गोरे लोक विसरतात.)

बाकी एक फुकटचा उपाय आधी कर. पिकअपची उंची. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअपपर्यंतचं अंतर बघ, सिंगल कॉइल तारेच्या फार जवळ आणलेले असतील तर मॅग्नेट तारेला ओढतात आणि जाड तार वरच्या फ्रेटवर वाजवली की दोन सूर एकदम वाजल्यासारखं डगमगतं. लोकांना वाटतं इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर येणं) गेलं, महिनाभर सॅडल (ब्रिजवरचे तारांचे टेकू) मागेपुढे करत बसतात. दोन स्क्रू सैल कर, पिकअप खाली घे, झालं.

आणि तारा! आमच्याकडे पावसाळ्यात तारा एवढ्या लवकर गंजतात की विचारू नकोस. पुण्यात इतकं नसेल, तरी वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसायची सवय लाव. अकूस्टिकवरून येतोयस तर ९-४२ चा सेट (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) एकदम मऊ वाटेल, बोटं जोरात दाबून सूर चढवशील, त्यापेक्षा १०-४६ ने सुरुवात कर.

सहावी_तार
मैनाताई, मुद्दा मान्य, पण ब्रायन मेने नेक आधी बनवली आणि पिकअप नंतर आणले, मीही तेच म्हणतोय :) आणि तो जे वाजवत होता ते व्हॉक्सच्या अँपमधून. याचं बजेट हेडफोनपुरतं आहे. हजारो रुपयांचे पिकअप टाकायचे आणि ऐकायचे कशातून, तर फोनच्या फुकट मिळालेल्या इअरफोनमधून?

कोरसभाऊ, म्हणून अँपचं सांगतो. घरात कॉम्प्युटर असेल तर एक साधा ऑडिओ इंटरफेस (गिटार कॉम्प्युटरला जोडायचा डबा) घे, न्यूरल अँप मॉडेलर नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, खऱ्या अँपच्या नकला लोकांनी करून ठेवल्यात त्या त्यात उघडायच्या. बफर (सॉफ्टवेअर आवाजाचा एकावेळी किती तुकडा घेतं ते) १२८ सँपलला ठेवलास आणि ४८ किलोहर्ट्झवर चालवलंस तर नुसत्या बफरचा उशीर पावणेतीन मिलिसेकंदांच्या आसपास येतो, जाऊन-येऊन थोडा वाढतो, पण बोटाला जाणवत नाही. कॉम्प्युटर नको असेल तर जॅकमध्येच खुपसायचे हेडफोन अँप मिळतात, व्हॉक्सचा अँपप्लग वगैरे. दोन्ही प्रकारांत हेडफोन मात्र बरा घे. आणि लॅपटॉपचा चार्जर काढून वाजवून बघ, पुष्कळदा सगळा हम त्या चार्जरचाच निघतो.

वऱ्हाडी_ब्लूज
हाव भाऊ, सगळं बरोबर आहे, पण हवामानाचं कोणी बोलूनच नाही राहिलं. मी नागपूरचा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकते, कूलर चालू केला की दमट, बंद केला की हवेत पाण्याचा थेंब नाही. फिंगरबोर्डचं लाकूड आकसते आणि फ्रेटची टोकं बाहेर येतात, हात वरून खाली नेला की करवतीसारखे दात लागतात बोटाले. दुकानदार म्हणते माल खराब आला, माल खराब नाही, लाकूड सुकलं. बारीक कानस आणि वरून बारीक सँडपेपर, फिंगरबोर्डवर मास्किंग टेप लावून हळूहळू घासायचं, एका दुपारचं काम आहे. पुण्यात एवढं होणार नाही पण सेकंडहँड घेताना तळहात कडेवरून फिरवून पहा.

बाकी नटचं सांगतो, कारण ट्यूनिंग टिकत नाही म्हणून लोक पहिले ट्यूनर बदलतात आणि काऊन बदलतात ते त्यांनाच ठाऊक. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाब, आता पहिल्या फ्रेटवर केसाएवढी फट पाहिजे. जास्त असली तर ओपन सी आणि ई कॉर्ड कितीही ट्यून केली तरी बेसूरच वाजन, कारण तार दाबताना ताणली जाते. आणि ट्यून करताना 'टिक' असा आवाज आला तर तार नटच्या खाचेत अडकते आहे, ४बी पेन्सिलीचा शिसा घासून टाक खाचेत. पाच रुपयांचं अपग्रेड.

मिरज_मेल
नटचा विषय निघाला म्हणून. माझ्या गिटारचा प्लॅस्टिकचा नट काढून ओळखीच्या एका तंतुवाद्य कारागिराकडून हाडाचा घासून घेतला. आधी ते म्हणाले आम्हाला तुमचं गिटार कळत नाही. मी खाच किती खोल पाहिजे ते सांगितलं, त्यांनी तार लावली, कानाजवळ नेली, आणि हसले, म्हणाले आम्ही तंबोऱ्याला घोडीवर जवारी आणण्यासाठी आयुष्य घालवतो, तुम्हाला ती काढून टाकायचीये होय. खाचेचा उतार त्यांनी हेडस्टॉककडे असा दिला की तार नटच्या फ्रेटकडच्या कडेवरच टेकते, सतारीसारखी भणभण अजिबात नाही. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं त्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या, पण अशी छोटी कामं घेऊन कोणी जात नाही. जा, नीट बोला, बरेच जण करून देतात.

फ्रँकफुर्टचा_फणस
इकडे जर्मनीत टोमान या वाद्यांच्या दुकानाचा घरचा ब्रँड आहे हार्ली बेंटन, किमतीच्या मानाने फार चांगल्या गिटारी. पण कोणी "येताना घेऊन ये ना" म्हणालं की मी कानावर हात ठेवतो. विमानात गिटार केबिनमध्ये घेतील का याची खात्री नाही, सामानात टाकली तर नेकची काळजी, कस्टमचा प्रश्न वेगळाच. ट्यूनर, पिकअप, तारा असलं सुटं सामान सांगा, ते मोज्यात गुंडाळून आणतो.

कोथरूडचा_कोरस
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना, एवढं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. मित्राची गिटार घरी आणलीये चेक करायला. नेकला पीळ नाही. सहावी_तारनी सांगितल्याप्रमाणे दोन्हीकडे दाबून बघितलं, फट कार्डाएवढीच आहे. पहिल्या फ्रेटवर मात्र वऱ्हाडी भाऊ म्हणतात तशी केसाएवढी नाही, चांगली भक्कम फट आहे, आणि ओपन कॉर्ड खरंच बेसूर वाजतायत. जॅक हलवला की आवाज जातो-येतो. आणि मुख्य भानगड म्हणजे बारीक ई तारेवर १४, १५, १६ कुठेही बेंड केलं की सूर मरतो. ट्रस रॉड फिरवून हे जाईल का? आणि ब्रिज बदलायचा तर कुठलाही स्ट्रॅटचा बसतो ना? दरम्यान पिंपळे सौदागरला एकाकडे वापरलेली पॅसिफिका ०१२ आहे, साडेअकरा सांगतोय.

सहावी_तार
ट्रस रॉडने नाही जाणार. रॉडचा जोर नेकच्या मधल्या भागावर असतो, बॉडीवर बसलेला शेवटचा भाग तो फारसा हलवत नाही. तुझ्या वर्णनावरून नेक शेवटाला वर उचलली गेलीये किंवा तिथले फ्रेट निसटून वर आलेत. लहान हातोडीने फ्रेट ठोकून बसतात कधी कधी, नाहीतर फ्रेट लेव्हलिंग, आणि ४ हजाराच्या गिटारवर ते करणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. अॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) जास्त ठेवली तर बेंडिंग वाचेल, पण मग ती वाजवायला कष्टाची. ब्लूज म्हणजे सगळं बेंडिंगच, त्यामुळे ही नको घेऊस.

ब्रिजबद्दल, नाही, कुठलाही बसत नाही. पहिल्या तारेच्या मध्यापासून सहाव्या तारेच्या मध्यापर्यंत सॅडलवर मोज. जुन्या अमेरिकन मापाला साधारण ५६ मिलिमीटर येतात, आशियातल्या बऱ्याच स्वस्त गिटारींना ५२ च्या आसपास. स्क्रूची भोकंही त्याच हिशोबाने जवळ-लांब असतात. शिवाय बॉडी किती जाड आहे ते बघ, स्क्वायर बुलेटसारख्या बारीक बॉडीत ब्रिजखालचा पूर्ण उंचीचा ब्लॉक मागून बाहेर येतो आणि झाकण लागत नाही. तू ट्रेमोलो वापरणार नसशील तर बदलूच नकोस, मागचं झाकण काढ, स्प्रिंगा लावलेल्या पट्टीचे दोन्ही स्क्रू आत घट्ट कर म्हणजे ब्रिज बॉडीला टेकून बसेल, नंतर अॅक्शन आणि इंटोनेशन परत बघ. इंटोनेशनला एवढंच, बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर हार्मोनिकपेक्षा (तिथेच तारेला नुसतं बोट टेकवून वाजवलेल्या सुरापेक्षा) चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे, आणि हे नवीन तारा लावल्यावरच.

पिंपळे सौदागरला जा. वरच्या सगळ्या तपासण्या त्याच्यासमोर कर, अँपला लावून पिकअप स्विचच्या पाचही पोझिशन ऐक, ट्रस रॉडच्या नटचे कोपरे झिजलेले नाहीत ना ते बघ. सगळं ठीक असेल तर दहापर्यंत आण. मग सेटअप, तारा, केबल धरून बारा-साडेबारा, उरलेल्यात इंटरफेस किंवा हेडफोन अँप.

म्हापशाची_मैना
आणि सहा महिन्यांनी पिकअप!

सहावी_तार
बरं बाई, सहा महिन्यांनी पिकअप. ब्रिजचा नको, फक्त नेकचा.

बेंजोवाला
मित्राची गिटार परत देण्याआधी जॅक तेवढा करून दे, बरं दिसतं. चकती उघड, जॅकमधली वाकडी पत्ती प्लगच्या टोकाला घट्ट टेकत नसेल तर बोटाने थोडी आत दाब. वायर सुटलेली असेल किंवा सोल्डर राखाडी, दाणेदार दिसत असेल तर ड्राय सोल्डर आहे, जुनं काढून परत मार. जॅकला २५ वॉटची सोल्डरिंग पेन्सिल पुरते, पॉटच्या पाठीवर ग्राउंड मारायला मात्र ४० च्या वरची लागते, नाहीतर पॉट तापत राहतो आणि सोल्डर धरत नाही. नवीन जॅक आणलास तर दोन पायांचा मोनो माग, तीन पायांचा हातात देतील.